आधी पझेशन, मग प्लास्टर

जगातले महागडे व्हिडिओ गेम्स अर्धवट अवस्थेत बाजारात येतात, पहिल्याच दिवशी गडगडतात आणि मग वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहतात. शिव्या कंपनीला पडतात. पण ॲडव्हान्स भरायला रांगेत कोण उभं असतं?

सॅम्पल फ्लॅट बघायला गेलाय कधी? एसी मस्त चालू असतो. बेडवर सहा उशा, भिंतीवर पेंटिंग, खिडकीबाहेर चिकटवलेली हिरवळ. सेल्सवाला कोल्ड कॉफी आणून देतो आणि तुम्ही मनातल्या मनात सोफा कुठे ठेवायचा ते ठरवून टाकता. मग तीन वर्षांनी पझेशन घ्यायला जावं तर लिफ्टच्या जागी फळी ठोकलेली, बाथरूममध्ये नळ आहे पण नळाला पाणी नाही, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार! बिल्डरचं उत्तर ठरलेलं असतं. "होईल हो सगळं, तुम्ही राहायला तर या!"

आता फ्लॅटच्या जागी व्हिडिओ गेम टाका. सॅम्पल फ्लॅटच्या जागी ट्रेलर, बुकिंग अमाउंटच्या जागी प्रीऑर्डर, आणि 'होईल हो सगळं'च्या जागी एक छोटासा शब्द : पॅच. फरक इतकाच, की फ्लॅटवाल्यांसाठी २०१७ पासून महारेरा आहे. गेमर्ससाठी? तूर्तास रामभरोसे.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो एका साध्या प्रश्नामुळे. ही काही गल्लीबोळातल्या कंपन्यांची गोष्ट नाही. शेकडो इंजिनीअर, कोट्यवधी डॉलर, पाच-सात वर्षांची मेहनत... आणि तरीही रिलीजच्या दिवशी हिरोला चेहराच नसतो. असं होतं कसं? उत्तर शोधता शोधता लक्षात आलं, की ही फक्त कंपन्यांच्या हावरटपणाची स्टोरी नाही. यात टाळी दोन हातांनी वाजते.

एका तारखेची गोष्ट

सगळ्यात गाजलेलं प्रकरण अर्थातच 'सायबरपंक २०७७'चं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा हा गेम. २०१५ च्या 'द विचर ३'मुळे ही कंपनी गेमर्सच्या गळ्यातला ताईत झाली होती. 'आम्ही बाकीच्यांसारखे लुबाडणारे नाही' अशी तिची इमेज. सायबरपंकची पहिली घोषणा २०१२ मधली. जून २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात साक्षात किआनू रीव्हज स्टेजवर अवतरला, पब्लिक वेडं झालं, आणि तारीख जाहीर झाली : १६ एप्रिल २०२०.

मग ती पुढे गेली १७ सप्टेंबरवर. मग १९ नोव्हेंबरवर. ५ ऑक्टोबरला कंपनीनं जाहीर केलं, की गेम 'गोल्ड' झाला. गोल्ड होणं म्हणजे डिस्क छापायला जाणारी मास्टर कॉपी तयार होणं. पूर्वी याचा अर्थ 'काम संपलं, पेढे वाटा' असा होता. इथे मात्र २७ ऑक्टोबरला चौथी तारीख आली : १० डिसेंबर. कारण काय, तर पीसी, जुने कन्सोल, नवे कन्सोल असं सगळं धरून नऊ व्हर्जन्स तपासायची होती. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यानं एका चाहत्याला 'तारीख पक्की' असं छातीठोक सांगितलं होतं.

यावर चाहत्यांची प्रतिक्रिया काय असावी? नाराजी समजू शकते. सुट्टी टाकून ठेवली असेल, नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल. पण गेमच्या टीमला चक्क जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तीन आठवड्यांच्या उशिरासाठी! टीममधल्या एका सीनियर डिझायनरला जाहीरपणे लिहावं लागलं, की बाबांनो, आम्हीही माणसं आहोत. ही तीच माणसं, ज्यांना 'ओव्हरटाइमची सक्ती करणार नाही' असं २०१९ मध्ये सांगितलेलं होतं आणि सप्टेंबर २०२० मध्ये ज्यांचा आठवडा सक्तीनं सहा दिवसांचा झाला.

१० डिसेंबरला गेम आला. चांगल्या पीसीवर बरा चालला. पण करोडो लोकांच्या घरी होते ते साधे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, आणि तिथे नुसता कल्ला. माणसं दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखी उभी. गाड्या हवेतून टपकतायत. समोरच्याचा चेहरा दिसायला लागेपर्यंत त्याचा डायलॉग संपलेला. आणि दर थोड्या वेळानं गेम आपोआप बंद! रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली होती आणि त्यांना स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही बंदी होती. त्यामुळे जुन्या कन्सोलवर काय शिजलंय हे ग्राहकाला पैसे भरल्यावरच कळलं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये कंपनीचे बडे अधिकारी गुंतवणूकदारांना सांगत होते, की जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतोय. आश्चर्य वाटलं हे खरं.

आठवड्याभरात सोनीनं गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून उचलून बाहेर ठेवला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. इतक्या मोठ्या गेमच्या बाबतीत हे जवळजवळ न ऐकलेलं. तो परत आला २१ जून २०२१ रोजी. जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकानं व्हिडिओतून माफी मागितली. गुंतवणूकदार कोर्टात गेले, तेही प्रकरण पुढे साडेअठरा लाख डॉलरवर मिटलं.

इथपर्यंत कंपनी व्हिलन आणि गेमर बिचारा. पण आता एक आकडा बघा. रिलीजच्या आधी ८० लाख लोकांनी प्रीऑर्डर केली होती. ८० लाख! रिलीजच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीनं गुंतवणूकदारांना कळवलं, की नुसत्या प्रीऑर्डरच्या कमाईतून गेम बनवण्याचा आणि जाहिरातीचा सगळा खर्च वसूल झालाय. म्हणजे एकाही समीक्षकानं पीएस४ वर गेम लावून बघायच्या आधीच बिल्डरचे पैसे निघाले होते. त्या वर्षाअखेर १ कोटी ३७ लाख कॉपीज खपल्या. आणि कंपनीनं स्वतः चालवलेल्या परताव्याच्या योजनेत पैसे परत मागणारे किती? साधारण ३० हजार. सोनी आणि मायक्रोसॉफ्टनं दिलेले परतावे वेगळे, ते यात धरलेले नाहीत. पण तरीही... ३० हजार! नेटवर झालेला आरडाओरडा बघता मला हा आकडा दोनदा वाचावा लागला.

पुरलेली काडतुसं

आमच्या आधीची पिढी म्हणेल, 'आमच्या वेळी असं नव्हतं.' तर मंडळी, होतं. फक्त पांघरूण घालायची सोय नव्हती. १९८२ च्या ख्रिसमसला गाठायचं म्हणून अटारीनं 'ई.टी.' सिनेमावरचा गेम करून घेतला. एक प्रोग्रॅमर, पाच आठवडे. गेम इतका वैतागवाणा निघाला, की न खपलेल्या आणि परत आलेल्या काडतुसांचे ट्रक पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरले गेले. अनेक वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची. २०१४ मध्ये खणून बघितलं, तर खरंच सापडली!

त्या काळी चूक झाली की झाली. काडतूस एकदा फॅक्टरीतून निघालं की त्यात एक स्वल्पविरामही बदलता येत नसे. त्यामुळे कंपन्या संत होत्या असं नाही, पण घाबरून होत्या. पीसीवाल्यांची सोय थोडी बरी. आपल्याकडे २००० च्या आसपास इंटरनेट म्हणजे डायल-अप, फोनचं बिल बघून बाबा ओरडायचे. तेव्हा कॉम्प्युटर मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडीवर डेमोंच्या जोडीला पॅचेसही असायचे. लॅमिंग्टन रोडवरून पायरेटेड सीडी आणणाऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. जे आलं ते आलं, तक्रार कुणाकडे करणार?

खरी गडबड झाली ती कन्सोलला हार्ड डिस्क आणि इंटरनेट दोन्ही मिळाल्यावर. एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ चा जमाना. आता टीव्हीसमोरचा डबाही घरबसल्या दुरुस्त करता येऊ लागला. सुरुवातीला त्यालाही वेसण होती. कन्सोलवर पॅच टाकायचा तर मायक्रोसॉफ्ट फी आकारायची आणि ती थोडीथोडकी नव्हती. २०१२ मध्ये 'फेझ' नावाच्या छोट्या, गोड गेमच्या निर्मात्यांनी एक बग जाहीरपणे तसाच सोडून दिला, कारण दुसऱ्या पॅचसाठी हजारो डॉलर मोजणं परवडत नव्हतं. त्यावर बोंबाबोंब झाली आणि २०१३ मध्ये ही फी गेली. छोट्यांसाठी फारच छान झालं. पण चूक सुधारणं फुकट झालं, की चूक करायची भीतीही उतरते.

किती उतरते? २०१५ चा 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' घ्या. दुकानातून डिस्क आणली, मशीनमध्ये घातली, आणि पहिल्याच दिवशी जो पॅच डाउनलोड करावा लागला तो डिस्कवरच्या गेमपेक्षा मोठा! डिस्कवर शिकवणीचा भाग आणि थोडंफार काहीतरी. बाकी सगळं 'मागून येतंय'. टोनी हॉकचं नाव वापरायचा करार वर्षअखेर संपत होता, म्हणून ही घाई, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. इथे 'गोल्ड'चा अर्थ पार बदलला. गोल्ड म्हणजे गेम पूर्ण झाला असं नव्हे. डिस्क छापण्याची वेळ झाली, इतकंच.

'बग सापडत नाहीत असं वाटतं का तुला?'

माझ्या ओळखीचा एक मुलगा पुण्यात गेम टेस्टिंग करतो. त्याचं नाव छापायचं नाही, कंपनीचं तर नाहीच, या अटीवर तो भेटला. (दोन कटिंग आणि एक बनमस्का माझ्या खात्यावर. फ्रीलान्सर्सना खर्च कुणी देत नाही, ही आपली माहितीसाठी.) मी विचारलं, की इतके ढळढळीत बग तुम्हाला दिसत नाहीत का रे? तो असा हसला, की बाजूच्या टेबलवरचे वळून बघायला लागले.

"अगं, बग सापडत नाहीत असं वाटतं का तुला? सापडतात. आम्ही लिहून पाठवतो, व्हिडिओसकट. मग मीटिंग होते. हा बग गेम बंद पाडतो का? नाही? मग पुढे ढकला. हा दहातल्या एकालाच येतो? चालेल. लिस्टमध्ये नावापुढे लिहून येतं, 'वोन्ट फिक्स'. रिलीज झाल्यावर लोक नेटवर लिहितात, टेस्टर झोपले होते का! मला स्वतःला तो बग सापडलेला असतो, सहा महिने आधी. बोलता येत नाही."

तुमच्यातल्या निम्म्या लोकांना हे ऐकून ऑफिस आठवलं असणार. हिंजवडी असो की ऐरोली, 'हे फेज टूमध्ये घेऊ' हे वाक्य न ऐकलेला माणूस दाखवा! फरक असा, की बँकेचं सॉफ्टवेअर अर्धवट गेलं तर बँक फोन करून झापते आणि पेमेंट अडवते. गेमचं गिऱ्हाईक पेमेंट आधीच करून बसलेलं असतं.

त्यानं आणखी एक गोष्ट समजावली, ती मात्र कंपन्यांच्या बाजूची. समजा, शंभर टेस्टर वर्षभर राबले. तेवढे तास दहा लाख गेमर्स पहिल्या तासाभरातच पार करतात. प्रत्येकाचा पीसी वेगळा, प्रत्येकाचा डोक्याचा भाग वेगळा. कुणी घोडा घेऊन छतावर जातो, कुणी दुकानदाराला बादलीत कोंबायला बघतो. मोकळं, अवाढव्य जग असलेल्या गेममध्ये शून्य बग ही कल्पनाच फोल आहे. मान्य. पण 'कुणाला दिसला नाही असा बग' आणि 'दिसला, पण तारीख जास्त महत्त्वाची होती असा बग' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण भांडतोय ते दुसऱ्याबद्दल.

आणि तारीख एवढी महत्त्वाची का? कारण ती एकट्या गेमची नसतेच. जाहिरातींचे स्लॉट आधीच बुक झालेले असतात. डिस्क छापणारा, दुकानात शेल्फ देणारा, कन्सोलची कंपनी, सगळ्यांशी करार झालेले. कंपनी शेअर बाजारात असेल तर आर्थिक वर्ष संपायच्या आत कमाई दाखवायची असते. वर ख्रिसमस. आणि काही शे लोकांचा पगार दर महिन्याला चालूच. उशिराचा प्रत्येक महिना म्हणजे खिशातून जाणारे लाखो डॉलर. या तागडीत एका बाजूला हे सगळं, आणि दुसऱ्या बाजूला? 'पहिला आठवडा लोक ओरडतील, मग पॅच देऊ.' सांगा, पारडं कुठे झुकणार?

मेड फॉर इच अदर

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे म्हणजे गेमर्सकडे.

प्रीऑर्डर नावाचा प्रकार मुळात आला तो दुकानात माल कमी पडायचा म्हणून. नव्या गेमच्या मोजक्याच कॉपी यायच्या, आधी नाव नोंदवलं तर आपली राखून ठेवली जायची. ठीक. पण डाउनलोड करायच्या गेमचा स्टॉक कसा काय संपेल? तरी आपण प्रीऑर्डर करतो. का? तर एक सोनेरी जॅकेट मिळतं म्हणून. गेममधल्या पात्राला! सीझन पासचा फंडा तर त्याहून भारी. जो गेम अजून आला नाही, त्याच्या पुढच्या भागांचे पैसे आजच. 'ॲसॅसिन्स क्रीड युनिटी' नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत विक्री सुरू होऊन बारा तास उलटेपर्यंत समीक्षा छापायला मनाई होती. समीक्षा आल्या तोवर पॅरिसच्या गल्लीतली माणसं चेहऱ्याविना, नुसते डोळे आणि दात घेऊन हिंडतानाचे फोटो जगभर पोचले होते. ते फोटो काढणारी मंडळी कोण? आधी पैसे भरलेली. युबिसॉफ्टनं माफी मागितली, पुढचा भाग फुकट दिला, सीझन पासची विक्री थांबवली. वरमले हे खरं, पण विकून झाल्यावर वरमले.

बरं, एखादी कंपनी म्हणाली, 'थांबा, अजून झालं नाही,' तर आपण काय करतो ते वर सायबरपंकमध्ये बघितलंच. तो काही एकटा नमुना नाही. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' दीड-दोन महिने पुढे गेला, तर त्याच्या निर्मात्याला, शॉन मरेला, धमक्यांचा पाऊस. उशिराची बातमी देणाऱ्या पत्रकारालाही धमकी! म्हणजे अर्धवट दिला तर फसवणूक आणि वेळ मागितला तर गद्दारी. आणि समीक्षकानं रिलीजच्या आधी कमी मार्क दिले, तर 'हिला गेम कळतो का' म्हणत तिच्यावर तुटून पडणारेही आपणच. सायबरपंकला दहापैकी सात देणाऱ्या बाईंना हे भोगावं लागलं, आणि त्यांनी जे बग लिहिले होते ते तीन दिवसांनी सगळ्यांच्या स्क्रीनवर होते.

मला कुणी विचारलं, तर याचं मूळ निव्वळ मूर्खपणात नाही. पहिल्या दिवसाची एक नशा असते. फर्स्ट डे फर्स्ट शो पाहणाऱ्यांना ती समजेल. सगळे मित्र तेच खेळतायत, तेच बोलतायत, शेवट कुणी फोडायच्या आत आपल्याला पोचायचंय. सोमवार ते शुक्रवार मान मोडून काम करणाऱ्या माणसाला वीकेंडला तेवढीच मजा असते आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं. ते गेम विकत नाहीत, तो शुक्रवार विकतात.

गेमर्सच्या हातात खरं हत्यार आलं ते जून २०१५ मध्ये. पीसी गेम्सचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. त्यांनी नियम आणला : घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. त्याच महिन्याच्या २३ तारखेला आला 'बॅटमॅन : अर्कम नाइट'. पीसीवर तो इतका अडखळत होता, की लोकांनी धडाधड पैसे परत मागितले. दोनच दिवसांत वॉर्नर ब्रदर्सनं पीसीवरची विक्रीच थांबवली आणि गेम परत आला ऑक्टोबरच्या शेवटी. ना धमक्या, ना शिवीगाळ. बिल परत, विषय संपला! इतकं सोपं असतं ते.

उशिरा आलेलं शहाणपण, ट्रॉफीसकट

'नो मॅन्स स्काय'ची पुढची गोष्ट मात्र सिनेमासारखी आहे. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची पंधराएक जणांची टीम, आणि वचन काय, तर १८ पुढे १८ शून्यं इतके ग्रह. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला. पहिल्याच दिवशी दोन गेमर्स ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. भेटायची सोयच नव्हती! लोक इतके भडकले, की ब्रिटनच्या जाहिरात-नियामकांकडे तक्रारी गेल्या (त्यांनी कंपनीला निर्दोष ठरवलं). त्यानंतर टीमनं तोंडाला कुलूप लावलं आणि काम करत राहिली. एकामागून एक मोठे अपडेट, सगळे फुकट. २०१८ मध्ये लोक खरंच एकमेकांना भेटू लागले. २०२४ मध्ये स्टीमवरचा शेरा 'अतिशय चांगला'वर पोचला. आठ वर्षांनी!

अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सातत्यानं चालू असलेल्या गेमसाठी एक पुरस्कार असतो. २०२० चा तो 'नो मॅन्स स्काय'ला मिळाला. सोहळ्याची तारीख? १० डिसेंबर २०२०. हो, ज्या दिवशी सायबरपंक कोसळत होता तीच. आणि तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अपडेटनंतर तोच पुरस्कार कुणाला मिळाला असेल? बरोब्बर, सायबरपंकला. आज तो गेम झकास आहे, यात वादच नाही. त्यावरच्या ॲनिमे मालिकेनं २०२२ मध्ये नवे चाहते ओढून आणले, खप अडीच कोटींच्या वर गेला.

मला या पुनर्जन्माच्या कथा आवडतात. राबणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण एक हिशेब मनातून जात नाही. सगळ्यात जास्त विश्वास ठेवला कुणी? पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यानं. त्याला मिळाला सगळ्यात वाईट गेम. तीन वर्षं थांबून सेलमध्ये घेणाऱ्याला मिळाला सगळ्यात चांगला, तोही स्वस्तात. हे म्हणजे पहिल्या पंगतीला कच्चा भात आणि शेवटच्या पंगतीला जिलबी! वर पुनर्जन्म होईलच याची हमी नाही. 'अँथम' नावाचा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये असाच अर्धाकच्चा आला. 'पूर्ण नव्यानं बांधतोय' असं सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम गुंडाळलं आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्व्हरच बंद. फक्त ऑनलाइन चालणारा गेम, त्यामुळे आता ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची.

उशिरा आलेला गेम शेवटी चांगला ठरतो, घाईत आलेला कायमचा वाईट राहतो, अशा अर्थाचं एक वाक्य निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंच्या नावावर सर्रास खपवलं जातं. ते त्यांनीच म्हटल्याचा पुरावा सापडत नाही. आता तर ते खरंही राहिलेलं नाही. घाईत आलेला गेम आज पुरस्कार घेऊन जातो.

अर्धवट आहे, घ्यायचा तर घ्या

अर्धवट विकणं हे मुळातच पाप, असंही मला म्हणायचं नाही. सांगून विकलं तर बात और आहे. 'माइनक्राफ्ट' २००९ मध्ये अल्फा अवस्थेतच विकायला ठेवला होता, पण निम्म्या किमतीत आणि उघड उघड. पूर्ण रूपात तो आला नोव्हेंबर २०११ मध्ये. स्टीमनं २०१३ मध्ये 'अर्ली ॲक्सेस' असा वेगळा विभागच काढला. तुमच्या-आमच्या भावंडांना वेड लावणारा पब्जी (पीसीवरचा मूळ अवतार) मार्च २०१७ मध्ये असाच अर्धवट म्हणून आला, दोन कोटी कॉपी विकल्या, वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं नामांकन मिळवलं, आणि मग डिसेंबरमध्ये 'पूर्ण' झाला. बेल्जियमच्या लॅरियननं 'बाल्डर्स गेट ३' जवळजवळ तीन वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये ठेवला. फक्त पहिला अंक, तोही पूर्ण किमतीत. पण पाटी स्वच्छ लावलेली होती आणि लोकांनी सुचवलेलं ते ऐकत होते. २०२३ मध्ये सगळे पुरस्कार त्यांच्या झोळीत. (शेवटच्या अंकात बग होते, हेही सांगून टाकते.) दुसऱ्या टोकाला 'स्टार सिटिझन'. २०१२ पासून चाहत्यांकडून पैसे गोळा करतोय, मुळात २०१४ ला यायचा होता, २०२२ मध्येच जमा रक्कम ५० कोटी डॉलरच्या पुढे गेली. तरी लोक न बनलेली अंतराळयानं विकत घेतात. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं!

आणि अर्धवट गेम रिलीज न करण्याचीही किंमत असते, ती आपल्या घराजवळच मोजली गेली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'. २००३ चा हा गेम आमच्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना भावाच्या कॉम्प्युटरवर पाहिला. त्याचा नवा अवतार करायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला, पोरं हरखली, मराठी गेमर्सची कॉलर ताठ. पण ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीकेचा भडिमार. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. कंपनीनं तो तसाच बाजारात ढकलला नाही, हे तिच्या खात्यावर जमा. पण मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं, त्याच वर्षी प्रीऑर्डरवाल्यांचे पैसे परत केले गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्दच झाला. ज्यांनी इथे बसून त्यावर वर्षं घातली, त्यांच्या कामाचं काहीही कुणाच्या स्क्रीनवर येणार नाही. पॅचनं दुरुस्त व्हायचीही संधी नाही.

हे मी माझ्या टेस्टर मित्राला म्हणून दाखवलं. तो बराच वेळ चहाचा ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "टीकाकारांचं चुकलं नव्हतं. पण पाच मिनिटांच्या ट्रेलरवरून निकाल लावायचा आणि पाच मिनिटांच्या ट्रेलरवरून पैसे भरायचे, हे एकाच माणसाचं काम असतं बघ."

तेव्हा 'जीटीए ६'च्या तारखेवरून सगळीकडे पैजा लागल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकस्टारनं ती दुसऱ्यांदा पुढे नेली, २६ मे २०२६ वरून १९ नोव्हेंबर २०२६ वर. मालक कंपनीचा शेअर घसरला, मीम्सचा पूर आला, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत शिव्यांची लाखोली चालली होती. एकानं तर राजीनाम्याची तारीखही पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. टेस्टर मित्र त्याच ग्रुपवर आहे. सकाळी ऑफिसला जाताना त्यानं एकच मेसेज टाकला. "बरं झालं." खाली सतरा जणांनी त्याला रागाचे इमोजी दिले होते.